विनामूल्य ई-मेल सेवांच्या शर्ती आणि पत्रव्यवहाराची गोपनीयता : इ. स. १९९६ पासूनचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पत्र हे मानवी संपर्काचे प्राचीन साधन होय. पत्र लिहिणारा, ते पोहोचविणारा आणि ते वाचणारा असे तीन घटक या व्यवहारात असतात. त्यांपैकी पोहोचविणाऱ्याने पत्र उघडू नये, हा संकेत कायद्यात येण्यापूर्वीच समाजमान्य झालेला होता. लखोटा, लाख आणि मोहोर ही या संकेताची दृश्य रूपे होत. आधुनिक टपालखात्याने हाच संकेत कायद्याच्या भाषेत मांडला.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ई-मेलचा प्रसार झाला आणि पत्र पोहोचविणाऱ्याचे स्थान खासगी कंपन्यांकडे आले. या कंपन्यांनी आपली सेवा विनामूल्य दिली. टपालखाते तिकिटाचे पैसे घेत असे. येथे तिकीट नव्हते. त्याऐवजी खाते उघडताना एक लांबलचक मजकूर समोर येई आणि त्याखालील 'मान्य आहे' या शब्दांवर कळ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसे. हा मजकूर म्हणजे सेवाशर्ती. पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेची व्याप्ती किती, हे अशा रीतीने कायद्याऐवजी करारातून ठरू लागले.

या विषयाच्या चर्चेत बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : कंपनी आपली पत्रे 'वाचते' काय? हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी अपुरा आहे. पत्र दोघांचे असते, सेवाशर्ती मात्र त्यांपैकी एकानेच मान्य केलेल्या असतात. ज्याने त्या कधी पाहिल्याही नाहीत, त्याचा मजकूरही त्या शर्तींच्या कक्षेत येतो. गेल्या तीन दशकांतील वादांचा मागोवा घेतल्यास या मूलभूत विसंगतीचे उत्तर 'संमती' या संकल्पनेतून मिळू शकले नाही, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या विधानाची ऐतिहासिक छाननी केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) टपालविषयक कायद्यांतील गोपनीयतेची परंपरा आणि ई-मेल सेवाशर्ती यांतील भेद स्पष्ट करणे.
२) इ. स. १९९६ पासून उद्भवलेल्या प्रमुख वादांचा कालक्रमाने आढावा घेणे.
३) वापरकर्त्याच्या संमतीने गोपनीयतेचे रक्षण कितपत झाले, हे तपासणे.
४) भारतीय कायद्याच्या संदर्भात या प्रश्नाची स्थिती पाहणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संबंधित कायदे, न्यायनिर्णय, कंपन्यांच्या जाहीर शर्ती आणि त्या त्या काळी प्रसिद्ध झालेली वृत्ते यांच्या आधारे मांडणी केली आहे. बहुतांश वाद अमेरिकेत उद्भवले, कारण या सेवा देणाऱ्या प्रमुख कंपन्या तेथील होत. त्यामुळे विवेचनाचा मोठा भाग अमेरिकी कायद्याशी निगडित आहे.

१. मोहोरबंद पत्र आणि कायदा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये एक्स पार्टी जॅक्सन या प्रकरणात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. टपालात टाकलेले बंद पत्र हे पाठविणाऱ्याच्या घरात असल्यासारखेच संरक्षित असून न्यायालयीन वॉरंटशिवाय शासनाला ते उघडता येणार नाही, असे ते तत्त्व होय. पत्र दुसऱ्याच्या हाती सोपविले म्हणून त्यावरील हक्क संपत नाही, हा त्यामागील विचार होता.

भारतात १८९८ च्या टपाल कायद्याने कर्तव्याच्या विरुद्ध जाऊन पत्र उघडणाऱ्या वा अडवून ठेवणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यास शिक्षेची तरतूद केली. त्याच कायद्याच्या कलम २६ ने मात्र सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांस्तव पत्रे अडविण्याचा अधिकार शासनास दिला. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) मध्येही असाच अधिकार होता. म्हणजे वसाहतकालीन कायद्याने पोहोचविणाऱ्यावर बंधन घातले आणि राज्यकर्त्यांना मोकळीक ठेवली. स्वातंत्र्योत्तर काळात १९८६ मध्ये टपाल कायद्यातील हा अधिकार अधिक विस्तृत करणारे दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले. परंतु राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही आणि ते कधीच अमलात आले नाही. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी संभाषण ऐकण्याच्या अधिकारास कार्यपद्धतीच्या मर्यादा घालून दिल्या.

या साऱ्या परंपरेत गोपनीयतेचा प्रश्न प्रामुख्याने नागरिक आणि शासन यांच्यातील होता. पत्र पोहोचविणाऱ्याचाच पत्राच्या आशयात आर्थिक हितसंबंध असेल, अशी कल्पना त्यात नव्हती.

अमेरिकेने १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गोपनीयतेसाठी कायदा केला. त्यात १८० दिवसांहून जुना, साठवून ठेवलेला संदेश वॉरंटशिवायही मिळविण्याची वाट तपासयंत्रणांना मोकळी ठेवण्यात आली. त्या काळी संदेश आपल्या संगणकावर उतरवून घेतला जाई आणि सेवादात्याच्या यंत्रावर साठवणुकीची जागा अल्प असे. त्यामुळे सहा महिने तेथे पडून राहिलेला संदेश बेवारस समजला गेला. दहा वर्षांनी ही परिस्थिती पालटली, कायदा मात्र तसाच राहिला.

२. विनामूल्य सेवेचा उदय आणि शर्तींचे पहिले वाद (१९९६ ते २००२)

४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत हॉटमेल ही सेवा सुरू झाली. बंगळूर येथे वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ हे तिचे संस्थापक. कोणत्याही संगणकावरून आपली पत्रे पाहता यावीत, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणच्या वा इंटरनेट पुरवठादाराच्या पत्त्यावर अवलंबून राहावे लागू नये, ही त्यामागील कल्पना होती. प्रत्येक पत्राच्या तळाशी सेवेची जाहिरात करणारी एक ओळ आपोआप जोडली जाई. अशा रीतीने पत्र लिहिणारा नकळत प्रचारकही झाला आणि सेवेचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी याहू मेल सुरू झाली.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. स्वतःची जोडणी घेणे तेव्हा खर्चिक होते. विनामूल्य ई-मेलमुळे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्यालाही स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला. मुंबईस्थित रेडिफ कंपनीची रेडिफमेल ही याच वर्गातील सेवा होय. या सेवांनी पत्रव्यवहाराचे लोकशाहीकरण केले, ही गोष्ट त्यांच्या शर्तींची चिकित्सा करताना विसरता येत नाही.

सेवा विनामूल्य असल्याने खर्च जाहिरातींतून भागविणे क्रमप्राप्त होते आणि जाहिरातदारास खातेदाराची माहिती हवी होती. आरंभीच्या काळात ही माहिती खाते उघडताना भरून घेतलेल्या अर्जातून मिळे. पत्राच्या आशयाला तेव्हा हात लावला जात नव्हता. तथापि शर्तींची भाषा कंपन्यांच्या प्रत्यक्ष गरजेच्या कितीतरी पुढे धावत होती, हे त्या काळातील तीन प्रकरणांवरून दिसून येते.

२००१ च्या आरंभी जूनो या अमेरिकेतील विनामूल्य ई-मेल व इंटरनेट सेवेने आपल्या करारात बदल केला. खातेदाराचा संगणक मोकळा असताना त्याची गणनशक्ती कंपनीस वापरता येईल आणि त्यासाठी संगणक चालू ठेवण्यासही सांगता येईल, असे त्यात नमूद होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट सेवेच्या शर्ती वादग्रस्त ठरल्या. हॉटमेलमध्ये प्रवेश करण्यासाठी हीच सेवा वापरली जाई. तिच्याद्वारे पाठविलेला कोणताही मजकूर वापरण्याचा, बदलण्याचा व प्रसारित करण्याचा परवाना कंपनीस मिळतो, असा त्या शर्तींचा शब्दशः अर्थ होत होता. टीका होताच कंपनीने त्या भाषेत दुरुस्ती केली. मार्च २००२ मध्ये याहूने खातेदारांच्या पूर्वीच्या पसंती रद्द करून सर्वांना जाहिरातपर संदेश स्वीकारण्यास राजी असल्याचे गृहीत धरले. ज्यांना ते नको होते त्यांनी ६० दिवसांत पुन्हा नकार नोंदवावयाचा होता.

या तिन्ही प्रसंगी करार एका बाजूने बदलला गेला. खातेदाराने सेवा वापरणे चालू ठेवले, हीच त्याची संमती मानली गेली. पत्ता बदलणे म्हणजे सर्व परिचितांना नवा पत्ता कळविणे आणि जुना संग्रह सोडून देणे होय. त्यामुळे 'मान्य नसेल तर सेवा सोडा' हा पर्याय कागदावर खुला असला तरी व्यवहारात कठीण होता.

३. जीमेल आणि आशयतपासणीचा वाद (२००४)

१ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेलची घोषणा केली. हॉटमेल तेव्हा २ मेगाबाइट आणि याहू ४ मेगाबाइट जागा विनामूल्य देत असे. जीमेलने १ गिगाबाइट देऊ केली. पत्र पुसून टाकण्याची गरज उरणार नाही, असे तिचे आकर्षण होते. या सेवेत पत्रातील शब्दांची यंत्राद्वारे तपासणी करून त्यांच्याशी जुळणारी जाहिरात शेजारी दाखविली जाणार होती. सहलीविषयीच्या पत्राशेजारी प्रवासी कंपनीची जाहिरात यावी, असा हा प्रकार होता.

अवघ्या काही दिवसांत ३१ नागरी हक्क व गोपनीयताविषयक संघटनांनी गुगलला खुले पत्र लिहून ही सेवा स्थगित करण्याची मागणी केली. त्यांचे आक्षेप प्रामुख्याने तीन प्रकारचे होते. पहिला, जीमेलचे खाते नसलेल्या व्यक्तीने पाठविलेल्या पत्राचीही तपासणी होते, पण तिची संमती कोणी घेतलेली नसते. दुसरा, पत्रे किती काळ ठेवली जातील याची निश्चिती नाही; पुसलेल्या पत्रांच्या प्रती खाते बंद केल्यानंतरही यंत्रणेत राहू शकतात, असे गुगलच्या त्या वेळच्या धोरणातच नमूद होते. तिसरा, आज जाहिरातीसाठी रुळलेली प्रथा उद्या शासनाला वा अन्य कंपन्यांना उदाहरण म्हणून उपयोगी पडेल.

गुगलचे उत्तर असे होते की, पत्रे कोणी माणूस वाचत नाही, यंत्र वाचते. नको असलेली पत्रे व विषाणू रोखण्यासाठी सर्वच सेवा यंत्राद्वारे मजकूर तपासतात. या उत्तरात तथ्य होते. तथापि तपासणीचा हेतू हा येथे निर्णायक मुद्दा ठरतो. विषाणू रोखण्यासाठी केलेली तपासणी पत्र घेणाऱ्याच्या व पाठविणाऱ्याच्या हिताची असते, तर जाहिरातीसाठी केलेली तपासणी पत्र पोहोचविणाऱ्याच्या हिताची असते. टपालातील पोत्यात स्फोटक पदार्थ नाही ना हे पाहणे आणि पत्र वाचून दुकानदाराला गिऱ्हाईक सुचविणे या दोन गोष्टी सारख्या नव्हेत.

कॅलिफोर्निया राज्याच्या सिनेटमधील सदस्या लिझ फिगेरोआ यांनी अशा तपासणीवर मर्यादा घालणारे विधेयक मांडले. मे २००४ मध्ये ते सिनेटमध्ये संमत झाले. पण दुसऱ्या सभागृहाची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा होऊ शकला नाही. दरम्यान स्पर्धेचा परिणाम झाला, परंतु तो गोपनीयतेच्या अंगाने नव्हे. याहू व हॉटमेल यांनी त्याच वर्षी आपली जागा वाढविली, रेडिफमेलनेही १ गिगाबाइट देऊ केली. ग्राहकांनी साठवणुकीची तुलना केली, शर्तींची केली नाही.

४. शर्तींमधील अपवाद : शासन आणि कंपनी

सेवाशर्तींत एक वाक्य जवळजवळ सर्वत्र आढळते : कायद्याने आवश्यक असल्यास, तसेच कंपनीच्या हक्कांच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी खात्यातील माहिती उघड करता येईल. या वाक्याचा अर्थ दोन प्रकरणांनी स्पष्ट केला.

चीनच्या हुनान प्रांतातील पत्रकार शी ताओ यांनी एप्रिल २००४ मध्ये आपल्या याहू खात्यावरून एका शासकीय आदेशाचा तपशील न्यूयॉर्कस्थित संकेतस्थळाकडे पाठविला. तिआनानमेन घटनेच्या पंधराव्या स्मृतिदिनाच्या वेळी वृत्तपत्रांनी काय करावे व करू नये, याविषयीचा तो आदेश होता. याहूच्या तेथील यंत्रणेने खात्याची माहिती चिनी अधिकाऱ्यांना दिली. नोव्हेंबर २००४ मध्ये शी ताओ यांना अटक झाली आणि एप्रिल २००५ मध्ये त्यांना १० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. कंपनीने स्थानिक कायद्याचे पालन केल्याचा खुलासा केला. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर याहूच्या प्रमुखांना हजर राहावे लागले. समितीचे अध्यक्ष टॉम लँटोस यांनी कंपनीच्या आर्थिक सामर्थ्याची तिच्या नैतिक खुजेपणाशी तुलना करून तीव्र शब्दांत टीका केली. त्यानंतर कंपनीने पीडित कुटुंबांशी तडजोड केली. शी ताओ यांची सुटका २०१३ मध्ये झाली. विनामूल्य सेवेची खरी किंमत कोणाला किती पडू शकते, याचे हे सर्वांत कठोर उदाहरण होय.

दुसरे प्रकरण मायक्रोसॉफ्टचे. २०१२ मध्ये कंपनीच्या अप्रकाशित सॉफ्टवेअरचा भाग बाहेर फुटला. तो फोडणाऱ्याचा शोध घेताना कंपनीने एका फ्रेंच ब्लॉगलेखकाचे हॉटमेल खाते स्वतःच तपासले. येथे कोणतेही वॉरंट नव्हते. आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी शर्तींनी ही मुभा दिली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. मार्च २०१४ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून ही बाब उघड झाली. याच सुमारास मायक्रोसॉफ्ट जीमेलच्या आशयतपासणीवर टीका करणारी जाहिरातमोहीम चालवीत आली होती, हे उल्लेखनीय आहे. टीका वाढल्यावर यापुढे अशा प्रसंगी स्वतः खाते न तपासता प्रकरण तपासयंत्रणांकडे सोपविले जाईल, असे कंपनीने जाहीर केले.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या प्रिझम कार्यक्रमाची माहिती जगापुढे आली. त्यात मायक्रोसॉफ्ट, याहू व गुगल यांची नावे होती. आपल्या यंत्रणेत शासनाला थेट प्रवेश दिलेला नाही, असे कंपन्यांनी सांगितले. परंतु कायदेशीर आदेशानुसार माहिती द्यावी लागते, हे त्यांना नाकारता आले नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने असे वृत्त दिले की, याहूने २०१५ मध्ये शासकीय मागणीवरून येणाऱ्या सर्व पत्रांची तपासणी करणारी यंत्रणा बसविली होती. कंपनीने हे वृत्त दिशाभूल करणारे असल्याचे म्हटले. २००४ मधील तिसऱ्या आक्षेपाची आठवण या घटनाक्रमाने करून दिली. संग्रह एकदा साठला की त्याकडे अनेकांचे लक्ष जाते.

५. न्यायालयांतील 'संमती' (२०१० ते २०१७)

डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने वॉरशॅक प्रकरणात ई-मेललाही बंद पत्राइतकेच संरक्षण असून शासनाने वॉरंट घेतले पाहिजे, असा निर्णय दिला. १८७८ चे तत्त्व अशा रीतीने नव्या माध्यमास लागू झाले. सेवादात्याने शर्तींत खाते पाहण्याचा अधिकार राखून ठेवला, एवढ्याने खातेदाराचा हक्क संपत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. हॉटेलच्या खोलीत झाडलोट करण्यासाठी नोकर येतो म्हणून पाहुण्याचा खासगीपणा नाहीसा होत नाही, तसेच हे होय. परंतु सर्व मजकुराची नियमित तपासणी करण्याचा मानस शर्तींत स्पष्टपणे व्यक्त झाला, तर निष्कर्ष वेगळा निघू शकेल, अशी शक्यताही न्यायालयाने मोकळी ठेवली. संविधानाने दिलेला हक्क खासगी करारातील शब्दांवर अवलंबून राहू शकतो, हा याचा गंभीर अर्थ होय.

जीमेलच्या आशयतपासणीविरुद्धचे अनेक दावे एकत्र करून ते कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश ल्यूसी कोह यांच्यापुढे चालविण्यात आले. जीमेलचे खाते नसलेल्या पाठविणाऱ्यांचाही वादींमध्ये समावेश होता. व्यावसायिक सहकाऱ्याला लिहिलेले पत्र त्याच्या साहाय्यकाने उघडल्यास जसे आश्चर्य वाटू नये, तसेच जीमेल खातेदारास पत्र पाठविणाऱ्याने यंत्राद्वारे होणारी प्रक्रिया गृहीत धरली पाहिजे, असा गुगलचा युक्तिवाद होता. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळून दावा पुढे चालविण्यास मोकळीक दिली. केवळ पत्र पाठविले म्हणून त्याच्या कोणत्याही वापरास संमती दिली असे मानल्यास संदेश मध्येच टिपण्यास बंदी घालणारा नियमच निरर्थक होईल, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. गुगलच्या शर्तींतील भाषा खातेदारांची स्पष्ट संमती सिद्ध करण्यासही पुरेशी नाही, असेही न्यायालयाला वाटले.

मार्च २०१४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने या दाव्यास सामूहिक दाव्याचा दर्जा नाकारला. जीमेलच्या तपासणीविषयी वृत्तपत्रांतून व अन्य ठिकाणी बरीच माहिती प्रसिद्ध झालेली होती. ती कोणी वाचली व कोणी नाही, म्हणजेच कोणाची गर्भित संमती होती व कोणाची नव्हती, हे व्यक्तिगणिक तपासावे लागेल, असे कारण देण्यात आले. या निर्णयाचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. संघटनांनी दहा वर्षे ज्या प्रथेवर जाहीर टीका केली, ती टीकाच लोकांना प्रथेची माहिती होती याचा पुरावा ठरू शकली. एप्रिल २०१४ मध्ये गुगलने आपल्या शर्तींत पत्रांच्या आशयाचे यंत्राद्वारे विश्लेषण होते, हे स्पष्टपणे नमूद केले. भाषा प्रामाणिक झाली, पण प्रथा तीच राहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना दिलेल्या खात्यांमधील जाहिरातीसाठीची तपासणी मात्र थांबविण्यात आली. संस्था एकत्रित ग्राहक म्हणून बोलू शकतात, सुटा खातेदार बोलू शकत नाही, हा भेद येथे दिसतो.

जीमेल न वापरणाऱ्यांच्या वतीने २०१५ मध्ये स्वतंत्र दावा दाखल झाला. त्यातील तडजोडीचा पहिला मसुदा न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये अमान्य केला. २३ जून २०१७ रोजी गुगलने जीमेलमधील पत्रांचा आशय यापुढे जाहिरातींसाठी वापरला जाणार नाही, असे जाहीर केले. कंपनीची सशुल्क सेवा घेणाऱ्या उद्योगांच्या मनातील संभ्रम दूर व्हावा, हे त्यामागील एक कारण होते. तेरा वर्षे चाललेली प्रथा थांबली, ती खातेदारांनी संमती काढून घेतली म्हणून नव्हे.

हा प्रश्न येथे संपला असे म्हणता येत नाही. याहू व एओएल यांची मालकी असलेल्या ओथ कंपनीने एप्रिल २०१८ मधील धोरणात पत्रांच्या आशयाचे विश्लेषण करण्याचा अधिकार नमूद केला. त्याच वर्षी जुलैमध्ये खातेदारांनी अनुमती दिलेल्या बाहेरच्या उपयोजनांचे निर्माते जीमेलमधील पत्रे पाहू शकतात, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनीही ती वाचली, असे वृत्त प्रसिद्ध झाले. येथेही अनुमती एकाची आणि पत्रे अनेकांची होती. गोपनीयतेचा विचार करताना सुरक्षिततेची बाजूही दृष्टीआड करता येत नाही : २०१३ मधील माहितीचोरीत आपली सर्व, म्हणजे सुमारे ३०० कोटी खाती बाधित झाली होती, असे याहूने २०१७ मध्ये मान्य केले.

६. युरोपीय दृष्टिकोन

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात संदेशांच्या गोपनीयतेला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. संबंधित वापरकर्त्यांच्या संमतीशिवाय इतरांनी संदेश टिपू वा साठवू नये, असे तो सांगतो. येथील अनेकवचन अर्थपूर्ण आहे. त्यात पत्राची दोन्ही टोके येतात. तथापि ही तरतूद दूरसंचार सेवांना उद्देशून होती. जीमेल ही त्या अर्थाने दूरसंचार सेवा नाही, असे युरोपीय न्यायालयाने जून २०१९ मध्ये ठरविले. नव्या संहितेनुसार डिसेंबर २०२० पासून अशा सेवाही त्या व्याख्येत आल्या. पत्रांच्या आशयावर आधारित 'स्मार्ट' सुविधांचा स्वतंत्र पर्याय गुगलने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला, तेव्हा युरोपीय आर्थिक क्षेत्रात त्या मुळात बंद ठेवण्यात आल्या, अन्यत्र बहुतेक ठिकाणी मुळात चालू. एकाच सेवेतील गोपनीयतेची पातळी खातेदाराच्या इच्छेपेक्षा त्याच्या देशातील कायद्याने ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

७. भारतीय संदर्भ

भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांस मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने एकीकडे कलम ६९ अन्वये शासनाचे संदेश अडविण्याचे अधिकार विस्तारले, तर दुसरीकडे कलम ४३-अ अन्वये कंपन्यांवर संवेदनशील माहितीच्या रक्षणाची जबाबदारी टाकली. परंतु २०११ च्या नियमांतील संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्यविषयक नोंदी इत्यादींचा समावेश होता. पत्रव्यवहाराचा आशय हा स्वतंत्र वर्ग त्यात नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या टपाल कायद्याने पोहोचविणाऱ्यावर जे बंधन घातले होते, त्याला समांतर असे बंधन ई-मेल सेवादात्यावर आले नाही.

शासकीय पत्रव्यवहारासाठी विनामूल्य परदेशी सेवा वापरण्याचा प्रश्न के. एन. गोविंदाचार्य यांच्या याचिकेद्वारे दिल्ली उच्च न्यायालयात उपस्थित झाला. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचाही त्यात आधार घेण्यात आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने आपले ई-मेल धोरण अधिसूचित करून शासकीय कामकाजासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची सेवा वापरण्याचे बंधन घातले. शासनाने स्वतःच्या पत्रांची काळजी घेतली. नागरिकांच्या पत्रांचा प्रश्न शिल्लक राहिला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल सादर केला आणि दीर्घ चर्चेनंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असावी आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय असावा, असे हा कायदा सांगतो. मराठी खातेदाराला शर्ती स्वभाषेत वाचता येण्याचा मार्ग त्यामुळे खुला होतो, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि या कायद्याचाही मुख्य आधार खातेदाराची संमती हाच आहे आणि पत्रव्यवहार हा स्वतंत्र वर्ग म्हणून त्यात आढळत नाही. पत्राच्या दुसऱ्या टोकाचा प्रश्न त्याने थेट हाताळलेला नाही.

निष्कर्ष

१) टपाल कायद्यात गोपनीयता ही पत्राला चिकटलेली होती, सेवाशर्तींत ती खात्याला चिकटली. त्यामुळे खाते नसलेल्या पत्रलेखकाचे संरक्षण क्षीण झाले.
२) शर्तींची भाषा अधिक स्पष्ट झाल्याने गोपनीयता वाढतेच असे नाही. २०१४ च्या दुरुस्तीत प्रथा न बदलता केवळ तिची कबुली आली.
३) १९९६ नंतरच्या प्रमुख सुधारणा टीका, खटले, संसदीय चौकशी, संस्थात्मक ग्राहकांचा दबाव किंवा कायदा यांतून घडल्या. सुट्या खातेदाराच्या संमती वा नकारातून घडलेली सुधारणा आढळत नाही.
४) जाहिरातीसाठी निर्माण झालेला संग्रह शासन, कंपनी आणि माहितीचोर या तिघांनाही उपयोगी पडला. शर्तींतील धोका त्यामुळे केवळ जाहिरातीपुरता मर्यादित राहत नाही.
५) भारतीय कायद्यात पत्रव्यवहाराच्या आशयाला, पाठविणारा व घेणारा या दोघांचा हक्क मानून, स्वतंत्र संरक्षण देणे आवश्यक आहे.

समारोप

महाविद्यालयांतही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक अडचणींची पत्रे, शोधप्रबंधांवरील अभिप्राय, शिफारसपत्रे, परीक्षाविषयक टिपणे असा कितीतरी मजकूर प्राध्यापकांच्या विनामूल्य खात्यांत वर्षानुवर्षे साठत जातो. आपली फी माफ व्हावी म्हणून घरची परिस्थिती लिहून कळविणाऱ्या विद्यार्थ्याने प्राध्यापकांच्या खात्याच्या शर्ती पाहिलेल्या नसतात. त्याने विश्वास ठेवलेला असतो तो पत्र वाचणाऱ्या व्यक्तीवर. संस्थेने स्वतःच्या अधिकृत सेवेचा करार विचारपूर्वक करणे, संवेदनशील मजकूर खासगी खात्यांवर न मागविणे आणि जुना संग्रह वेळोवेळी काढून टाकणे एवढ्या गोष्टी आजही शक्य आहेत. कायद्याने पत्राच्या दोन्ही टोकांना मान्यता देईपर्यंत दुसऱ्या टोकावरील व्यक्तीचा विचार करण्याची जबाबदारी पत्र स्वीकारणाऱ्यावरच राहते.